ज्याची खेळी नाही, त्याचे काम

तिसरीच्या वर्गात छोट्या गटांतून शैक्षणिक खेळ घ्यायचे असे मी ठरवले, तेव्हा माझा सगळा विचार खेळांचाच होता. कोणता खेळ घ्यायचा, पत्ते किती लागतील, पुठ्ठा किती जाड हवा, याच्या याद्या मी मे महिन्याच्या सुट्टीतच करून ठेवल्या होत्या. एक मूल फासे टाकत असताना त्याच्या गटातली उरलेली पाच मुले काय करत असतील, हा प्रश्न मात्र मला सुचलाही नव्हता. पुढच्या सहा-सात महिन्यांत माझी जी धडपड झाली, ती बहुतेक सगळी त्या उरलेल्या मुलांपायीच झाली, म्हणून ती तपशिलाने लिहून ठेवत आहे.

आमची शाळा भांडुप पश्चिमेला, डोंगरउतारावर चढत गेलेल्या वस्तीच्या पायथ्याशी आहे. वर्गात ३८ मुले आहेत. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे आणि माझ्या वर्गातली आठ मुले त्याच्या वर आहेत. पण मला अडचण झाली ती निराळ्याच कारणाने, की ३८ ही संख्या तीन, चार, पाच, सहा यांपैकी कशानेच पुरी भागली जात नाही. गट पाडायला बसलेल्या शिक्षकालाच या गोष्टीचे दुःख कळेल.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यांनुसार दुसरीच्या अखेरीस मुलाला ९९९ पर्यंतच्या आणि तिसरीच्या अखेरीस ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात अशी अपेक्षा आहे. जूनमध्ये मी एकेका मुलाला जवळ बसवून पडताळणी केली, तेव्हा दोन अंकी संख्येतच अडखळणारी अकरा मुले निघाली. ही मुले फळ्यावरचे गणित बिनचूक उतरवून घेतात, त्यामुळे वही पाहून त्यांचे काहीच कळत नाही. त्यांच्या हातात काहीतरी मोजायला द्यावे आणि ती मोजत असताना आपल्याला शेजारी बसून पाहता यावे, एवढाच खेळ घेण्यामागचा हेतू होता.

पहिला खेळ नोटांचा होता. प्रत्येक गटाची एक बँक, त्या बँकेत एक, दहा आणि शंभर रुपयांच्या खोट्या नोटा. दोन फासे टाकायचे, जेवढी बेरीज येईल तेवढे सुटे रुपये घ्यायचे, दहा सुटे जमले की ते बँकेत भरून दहाची एक नोट घ्यायची आणि ज्याचे शंभर आधी होतील तो जिंकला, असा हा खेळ बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे. फासे मी अब्दुल रहमान स्ट्रीटवर जाऊन घाऊक भावात आणले, नोटा साध्या कागदावर झेरॉक्स करून घेतल्या आणि दोन रात्री बसून कापल्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी सहा गट केले, चार गट सहांचे आणि दोन सातांचे. बाहेर पाऊस आणि आत उकाडा असल्यामुळे पंखे बंद करणे शक्य नव्हते. खेळ सुरू होऊन मिनिटही झाले नसेल, तोच पंख्याच्या वाऱ्याने नोटा उडाल्या आणि सहाही बँका एकमेकींत मिसळल्या. सरकारलाही इतक्या झटपट बँकांचे विलीनीकरण जमले नसेल. फासे बाकांवरून घरंगळले, एक कपाटाखाली गेला, एक थेट जिन्यात सापडला. शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या.

गोंधळाचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण पहिल्या दिवशी तो व्हायचाच. वाईट वाटले ते संध्याकाळी लोकलमध्ये बसून हिशेब केल्यावर. दोन फाशांची बेरीज सरासरीने ७ येते, म्हणजे शंभरापर्यंत पोहोचायला एका मुलाला साधारण पंधरा खेळ्या लागतात. गटात सहा मुले असतील तर नव्वद खेळ्या झाल्या. एका खेळीला वीस सेकंद धरले तरी तीस मिनिटे होतात, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साहित्य वाटण्याचा व गोळा करण्याचा वेळ वजा केला तर हाती जेमतेम पंचवीस मिनिटे राहतात. म्हणजे खेळ पुरा होणारच नव्हता. त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या वेळात एका मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष खेळायला चार मिनिटे आली आणि वीसहून अधिक मिनिटे ते नुसते वाट पाहत बसले. वाट पाहणारे आठ वर्षांचे मूल काय करते, ते त्या दिवशी सगळ्या मजल्याने ऐकलेच होते.

तरीही आठवडाभर मी तोच खेळ रेटला. चौथ्या दिवशी मात्र वर्गभर फिरणे सोडून एकाच गटाजवळ बसून राहिले. त्या गटात जूनच्या पडताळणीत अडखळलेला एक मुलगा होता, अगदी शांत आणि खेळात मनापासून रमलेला. त्याच्यापुढे दहाच्या चार नोटा आणि सात सुटे रुपये होते. मी विचारले, "तुझे किती झाले रे?"

त्याने बोटाने एकेक नोट मोजली आणि म्हणाला, "अकरा."

मी काही बोलणार, तेवढ्यात शेजारची मुलगी अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाली, "बाई, त्याचं नका धरू. तो कच्चा लिंबू आहे."

गल्लीतल्या खेळात कच्चा लिंबू ही चांगली सोय आहे. मागे लागलेल्या धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, धावू द्यायचे, पण ते बाद झाले तरी त्याच्यावर राज्य आणायचे नाही. यात मोठ्या मुलांचा समजूतदारपणाच असतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी तोच समजूतदारपणा इथे आणला होता. फासे तो टाकत होता, पण बेरीज दुसरा कोणी करत होता, सुटे तिसरा मोजून देत होता आणि दहाची नोट कधी घ्यायची ते चौथा सांगत होता. चार दिवस तो आनंदाने खेळला होता आणि त्या चार दिवसांत त्याने दहा मोजून त्यांचा एक केलेला नव्हता. त्याला दहाची नोट ही नोट म्हणून एकच दिसत होती, आणि नोटा मोजायच्या तर अकरा हे उत्तर बरोबरच होते.

त्या शुक्रवारी मी खेळ थांबवला आणि नव्याने मांडणी केली. गट चार-चारांचे केले. सात गट चारांचे आणि दोन पाचांचे, असे नऊ गट होतात. गटात एका वेळी एकच मूल खेळणार, पण उरलेल्या तिघांनाही नेमून दिलेले काम असणार, असे ठरवले. एक जण बँक, तो मागितल्याशिवाय काही देणार नाही. एक जण पंच, तो खेळणाऱ्याला "सुटे किती? दहा किती? मिळून किती?" एवढे तीनच प्रश्न विचारणार, पण साहित्याला हात लावणार नाही आणि उत्तरही सांगणार नाही. एक जण कारकून, तो प्रत्येक खेळीनंतर झालेली संख्या पाटीवर लिहिणार. खेळी झाली की कामे डावीकडे सरकणार. पाच जणांच्या गटात दोन पंच ठेवले आणि ते दोघे आपसांत भांडले, ही त्या मांडणीतली उणीव शेवटपर्यंत राहिली.

यामुळे वेळ वाढला. तीन प्रश्न आणि पाटीवरची नोंद धरून एका खेळीला पस्तीस सेकंद लागू लागले, म्हणजे शंभराचा खेळ तासिकेत बसणे पुन्हा अशक्य झाले. म्हणून शंभराऐवजी पन्नासावर खेळ संपवायचा, असा नियम केला. आता प्रत्येकाच्या साधारण आठ खेळ्या, गटाच्या बत्तीस, आणि वेळ अठरा-एकोणीस मिनिटे. मुलांनी "बाई, शंभर का नाही?" म्हणून आठवडाभर कुरकुर केली. पण आठ खेळ्यांत मूल आठ वेळा पंच होते आणि आठ वेळा कारकूनही होते. नुसते बसून राहणे तेवढे संपले.

नोटाही बाजूला ठेवल्या. दहाच्या नोटेत दहा दिसत नाहीत, ही त्या मुलाची अडचण खरी होती, त्यामुळे आधी दहा दिसतील असे काहीतरी हवे होते. खराट्याच्या काड्यांचे बोटभर तुकडे केले. ते पंख्याने उडत नाहीत, फुकट मिळतात आणि हरवले तरी कोणी रडत नाही. डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, शिंपले, गारगोट्या अशा परिसरातल्या वस्तूंनी साधने कशी उभी केली, हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. ते आत्ता उपयोगाला आले. दहा काड्यांचा गठ्ठा मुलांनीच बांधायचा होता. त्यासाठी आधी रबरबँड दिले आणि रबरबँडचे मुले काय करतात, ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी पंक्चरच्या दुकानातून सायकलची फाटकी ट्यूब आणून तिच्या चकत्या कापल्या. त्या गठ्ठ्याला घट्ट बसतात, पण ताणून कोणाच्या मानेवर सोडता येत नाहीत.

फाशांचा प्रश्न मोठ्या बाईंनी सोडवला. त्यांनी मधल्या सुट्टीत आपला पारदर्शक झाकणाचा श्रीखंडाचा रिकामा डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "फासे यात कायमचे बंद करा. डबा हलवायचा आणि वरून बघायचं." डब्याच्या तळाशी जुन्या टॉवेलचा तुकडा चिकटवला की खडखडही होत नाही. त्यानंतर वर्षभरात एकही फासा कपाटाखाली गेला नाही. इतकी साधी गोष्ट मला जुलैमध्ये का सुचली नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

ही सगळी मांडणी एकाच दिवशी नऊ गटांत सुरू करण्याची चूक मी पुन्हा केली नाही. पहिल्या दिवशी वर्गाच्या मधोमध सतरंजी टाकून चार मुलांना खेळायला बसवले आणि बाकीच्यांना भोवती रिंगण करून उभे केले. पंचाने चुकून काडीला हात लावला की रिंगणातली चौतीस मुले एका सुरात ओरडत. दुसऱ्या दिवसापासून रोज एकेक नवा गट सतरंजीवर आला आणि बाकीचे स्वाध्याय सोडवत राहिले. नऊ गट तयार व्हायला जवळजवळ तीन आठवडे गेले, कारण मध्ये पावसाचे तीन दिवस हजेरी निम्म्यावर आली होती. मला हे तीन आठवडे फार वाटले होते. पुढे एकही दिवस नियम समजावण्यात गेला नाही.

या खेळाने माझ्यापुढे आणखी एक गोष्ट आणली, ती कारकुनांच्या पाट्यांवर. खेळणारा "सत्तेचाळीस" म्हणे आणि कारकून ७४ लिही. मराठीत बोलताना सात आधी येतो आणि चाळीस मागून, तर लिहिताना चार आधी लिहायचा असतो. मूल ऐकल्याप्रमाणे लिहिते आणि चुकते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'च्या जोडीने 'वीस तीन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत कसा गेला, ते सर्वांना आठवत असेल. त्या वेळी मीही शिक्षकांच्या खोलीत भाषेची मोडतोड म्हणून तावातावाने बोलले होते. आता सतरंजीवर बसून पाहताना माझे मत बदलले. खेळणाऱ्याने आधी "चाळीस सात" म्हणायचे आणि लगेच "म्हणजे सत्तेचाळीस" म्हणायचे, असा नियम मी घातला. चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या समोर असताना 'चाळीस सात' हे मुलाला डोळ्यांनी दिसते, आणि 'सत्तेचाळीस' हे त्याचे बाहेर वापरायचे नाव होते. ज्यांच्या घरी हिंदी बोलतात ती मुले "सैंतालीस" म्हणत. त्यांनाही चाळीस सातचा आधार मिळाला, कारण सैंतालीसमध्येही सात आधीच येतो.

'एकोण'ची नावे याहून अवघड जातात. एकोणचाळीस ऐकले की कानात चाळीस घुमतात आणि लिहायचा असतो तीन. एका शनिवारी मुलांच्या हट्टाखातर शंभराचा खेळ घेतला होता, तेव्हा एक मुलगी नऊ गठ्ठे आणि नऊ काड्या पुढे मांडून ठामपणे म्हणाली, "एकोणशंभर!" सगळे हसले. मी हसले नाही, कारण एकोणऐंशी, एकोणनव्वद झाल्यावर एकोणशंभर व्हायला काय हरकत होती? नव्याण्णव म्हणतात असे मी सांगितले, पण पंचाने तिची खेळी बाद ठरवली होती, ती मी धरायला लावली.

गट कसे पाडावेत, यावर माझे आणि मोठ्या बाईंचे बरेच बोलणे झाले. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचा बालसखी उपक्रम त्यांनी पाहिलेला होता. त्यात तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले वर्गातून बाजूला घेऊन वस्तीतलीच एखादी तरुणी त्यांना रोज दोन तास शिकवत असे. मुलांना त्यांच्या पातळीवर शिकवल्याशिवाय ती पुढे सरकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे, आणि माझ्या अकरा मुलांचे निराळे गट करावेत असा त्यांचा आग्रह होता. मी तसे दोन आठवडे करून पाहिले. काड्यांच्या खेळात ते जमले नाही. पंचालाच उत्तर माहीत नसेल तर तीन प्रश्नांना अर्थ उरत नाही, आणि 'ढ मुलांचा गट' हे नाव तिसऱ्याच दिवशी वर्गात रूढ झाले. वाचनाच्या खेळात मात्र मोठ्या बाईंचे म्हणणे पटले. तिथे चांगले वाचणारे मूल पत्ता उलटताच वाचून टाकते आणि दुसऱ्याला अक्षर जुळवायला सवडच मिळत नाही. तेव्हापासून गणिताला मिश्र गट आणि वाचनाला पातळीचे गट, अशी आमच्या वर्गाची रीत झाली. गट रोज बदलत असल्याने ते नावही मागे पडले.

वाचनाचा खेळ म्हणजे रेल्वे स्थानकांचे पत्ते. र जोडाक्षरात कुठे रफार होऊन डोक्यावर बसतो आणि कुठे पायाशी येतो, हे मुलांना काही केल्या उमगत नव्हते. कुर्ला, चर्चगेट, चर्नी रोड एका डब्यात आणि विक्रोळी, प्रभादेवी, ग्रँट रोड दुसऱ्या डब्यात, अशी वाटणी करायची. र मुळीच न जोडलेले घाटकोपर किंवा नाहूर आले तर ते तिसऱ्या डब्यात. मध्य रेल्वेची नावे मुलांना तोंडपाठ असतात, त्यामुळे कांजूरमार्ग कुठे टाकायचे यावर एका गटात बराच खल झाला आणि शेवटी 'मार्ग'मधला रफार त्यांनीच शोधला. एका मुलाने प्रभादेवीचा पत्ता पाहून "माझे पप्पा याला एल्फिन्स्टन म्हणतात" असे सांगितले, आणि आमचा अर्धा तास त्यातच गेला.

सप्टेंबरमध्ये सगळी घडी मोडली. वर्गातली निम्मी मुले गणपतीला कोकणात जातात आणि सुट्टी संपल्यावर लगेच परततातच असे नाही. नऊ गटांपैकी काहींत एकच मूल उरले, काहींत एकही नाही. तेव्हापासून नेमलेले गट मी सोडून दिले. रोज आलेल्या मुलांनी हात उलटे-पालथे टाकून चकायचे आणि चार-चार जण सुटतील तसे बसायचे. याला फार तर पाच मिनिटे लागतात आणि बाई लाडक्यांना एकत्र बसवतात, ही तक्रारही बंद झाली.

दुसरी एक तक्रार पालकांकडून आली. एक आई शाळा सुटताना भेटल्या आणि म्हणाल्या, "बाई, हा सांगतो आम्ही शाळेत पत्ते आणि फासे खेळतो. मी त्याच्या बापाला त्यातूनच सोडवतेय." त्यावर पटकन काय बोलावे, ते मला सुचले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना वर्गात बोलावले आणि मुलाशेजारी सतरंजीवर बसवून एक खेळ खेळायला लावला. त्या बँक झाल्या, आणि मागितल्याशिवाय काही न देण्याचा नियम त्यांनी माझ्यापेक्षा कडक पाळला. पुढच्या वेळी मी 'पत्ते' हा शब्द टाळून 'कार्डे' म्हणू लागले, आणि फासे डब्यात बंद होते ते बरेच झाले.

तो अकरा म्हणणारा मुलगा ऑगस्टमध्ये प्रत्येक वेळी गठ्ठ्यातल्या काड्याही एकेक करून मोजत असे. चार गठ्ठे आणि सात सुटे मोजायला त्याला दीड मिनिट लागे आणि गटातली मुले उसासे टाकत, पण पंचाला हात लावता येत नसल्याने त्यांना थांबावेच लागे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो गठ्ठ्याला बोट लावून दहा, वीस, तीस म्हणू लागला. जानेवारीत मी नोटा परत आणल्या, या वेळी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर छापून, म्हणजे पंख्याला दाद देणार नाहीत अशा. त्याची खेळी आली, त्याने दहा सुटे मोजून बँकेत ठेवले, दहाची नोट हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि बँक झालेल्या मुलीला विचारले, "याच्या आत दहा आहेत ना?" ती पंच नव्हती, त्यामुळे तिला उत्तर द्यायला बंदी नव्हती. ती म्हणाली, "हो, मीच ठेवलेत."

त्याच्या संख्या आता ९९ पर्यंत पक्क्या आहेत, ९९९ पर्यंत डळमळीत. बाकीच्या दहांपैकी सात जण त्याच्या पुढे गेले, दोघे त्याच्या जवळपास आहेत आणि एका मुलीने डिसेंबरात शाळा बदलली. येत्या जूनला माझ्याकडे येणाऱ्या वर्गाचा पट ४३ आहे. तो नऊ गटांनी चार-चारांचा होत नाही. आठ गट चारांचे आणि एक अकरांचा करता येत नाही, म्हणून दहा गट चारांचे धरून उरलेल्या तिघांना आणखी एक गट द्यावा लागेल, आणि तीन जणांच्या गटात कारकून व पंच एकच ठेवून पाहणार आहे. त्यासाठी पारदर्शक झाकणाचे दोन डबे कमी पडतात. गुढीपाडव्याला श्रीखंड आणले तर डबा टाकू नका, असे मी मुलांच्या वहीत लिहून पाठवले आहे.